क्लब घेतला कोणी, कर्ज फेडलं कोणी?

रात्री जागून इंग्लिश फुटबॉल पाहणाऱ्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर पाऊण लाखाच्या आसपास प्रेक्षक बसतात. सामन्यांचे टीव्ही हक्क जगभर विकले जातात. शर्टावर जाहिरात, बाहीवर जाहिरात. एवढा पैसा येत असताना हा क्लब कर्जबाजारी कसा? आणि कर्ज असलेला क्लब अमेरिकेतल्या एखाद्या कुटुंबाला का हवासा वाटतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून बहुतेकांना आधी विश्वास बसत नाही. युनायटेडवर आज जे जुनं कर्ज आहे ते खेळाडू घेण्यासाठी काढलं नव्हतं आणि मैदान बांधण्यासाठीही नव्हतं. ज्या कुटुंबाने क्लब विकत घेतला, त्याने तो घेण्यासाठी काढलेलं हे कर्ज आहे. ते क्लबच्या नावावर आलं आणि त्याचं व्याज क्लब भरत राहिला. हे कायद्याने कसं चालतं, ते पायरीपायरीने पाहू.

१. क्लब मुळात कोणाचा?

१८७८ साली मँचेस्टरजवळ न्यूटन हीथ इथे लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी एक संघ उभा केला. शर्ट हिरवा-सोनेरी. १९०२ च्या जानेवारीत या क्लबवर २,६७० पौंडांचं देणं साचलं होतं आणि कोर्टाने तो गुंडाळण्याचा आदेश दिला. जॉन हेन्री डेव्हिस हा बिअर कारखानदार आणि गावातले आणखी काही जण पुढे आले, त्यांनी पदरचे पैसे घातले आणि क्लबला नवं नाव मिळालं: मँचेस्टर युनायटेड. म्हणजे कर्ज या क्लबच्या बालपणापासून आहे. फरक एवढाच, की तेव्हा मालक झालेल्या माणसांनी पैसे आत आणले होते.

इंग्लंडमधले बहुतेक क्लब विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या झाले होते. कंपनीचे छोटे छोटे भाग पाडायचे, ते भाग म्हणजे शेअर. ज्याच्याकडे शेअर, तो त्या प्रमाणात मालक. तरीही फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे इंग्लंडमधल्या या खेळाच्या नियामक संस्थेने, एक कुंपण घातलं होतं. भागधारकांना वाटायच्या नफ्यावर, म्हणजे लाभांशावर, कडक मर्यादा होती आणि संचालकांना पगार घेता येत नव्हता. क्लब चालवायचा तो गावासाठी, त्यातून कमाई करायची नाही, अशी ती धारणा होती.

१९८३ मध्ये टॉटनहॅमने या कुंपणाला बगल दिली. क्लबच्या डोक्यावर आणखी एक कंपनी स्थापन केली आणि त्या वरच्या कंपनीचे शेअर लंडनच्या शेअर बाजारात विकले. असोसिएशनचे नियम क्लबला लागू, वरच्या कंपनीला नाहीत. हा मार्ग मोकळा झाल्यावर बाकीचे त्यावरून चालले. १९९१ मध्ये युनायटेडही शेअर बाजारात आला. त्याचे शेअर घेणाऱ्यांत सामान्य पाठीराखेही होते. आपल्या क्लबचा एक तुकडा आपला, ही भावना त्यात होती. पण बाजारात जे सगळ्यांना विकत मिळतं, ते एकालाही सगळं विकत घेता येतं.

२. क्लबच्या जिवावर क्लब

पुण्यात सदाशिव पेठेत एक चालती खानावळ आहे असं समजा. डोक्यावर एका रुपयाचं देणं नाही. वर्षाला १२ लाख रुपये सुटतात आणि मालकीणबाई ते नव्या भांड्यांवर, चांगल्या आचाऱ्यावर खर्च करतात. खानावळीची किंमत १ कोटी. आता एक गृहस्थ ती घ्यायला येतात. त्यांच्याकडे ४० लाख आहेत. उरलेले ६० लाख ते १० टक्के व्याजाने कर्जाऊ घेतात आणि तारण म्हणून खानावळच लिहून देतात. व्यवहार झाल्यावर ते कर्ज खानावळीच्याच खात्यावर चढवतात. उद्यापासून १२ लाखांतले ६ लाख व्याजात जाणार. आचारी तोच, जेवणारे तेच, ताटाचे दरही तेच; फक्त भांड्यांसाठी निम्मेच पैसे उरले.

गृहस्थांना यात काय मिळतं? काही वर्षांनी खानावळ दीड कोटीला गेली असं धरा. ६० लाख कर्ज फेडून ९० लाख हाती येतात. घातले होते ४० लाख, नफा ५० लाख, म्हणजे सव्वापट. पूर्ण एक कोटी स्वतःचे घातले असते तर नफा तेवढाच, ५० लाख, पण घातलेल्या पैशाच्या निम्माच. कर्ज जितकं जास्त, तितका स्वतःच्या पैशावरचा परतावा मोठा. आणि मधल्या सगळ्या वर्षांचं व्याज खानावळीने भरलेलं असतं.

अशा खरेदीला कर्जाच्या तरफेवरची खरेदी म्हणता येईल. उद्योगधंद्यांत ती १९८० च्या दशकापासून सर्रास होते. फुटबॉलमध्ये तिचं सर्वांत मोठं उदाहरण २००५ चं.

फ्लोरिडातल्या टँपा बे बकनिअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक माल्कम ग्लेझर २००३ पासून युनायटेडचे शेअर गोळा करत होते. जॉन मॅग्निअर आणि जे. पी. मॅकमॅनस या घोड्यांच्या शर्यतींतल्या दोन आयरिश धनिकांकडे २८.७ टक्के वाटा होता. १२ मे २००५ रोजी तो ग्लेझर यांनी ३ पौंडाला एक शेअर या भावाने उचलला आणि निम्म्याहून जास्त क्लब त्यांचा झाला. पुढच्या काही आठवड्यांत क्लब शेअर बाजारातून काढून घेतला गेला आणि उरलेल्या छोट्या भागधारकांना त्यांचे शेअर विकणं कायद्यानेच भाग पडलं. ज्यांना विकायचे नव्हते त्यांनाही.

एकूण किंमत सुमारे ७९ कोटी पौंड. यातले ५० कोटींहून जास्त कर्जाऊ. त्यातलं साधारण निम्मं क्लबच्या मालमत्तेवर बोजा टाकून काढलेलं. दुसरं निम्मं हेज फंडांकडून, म्हणजे मोठी जोखीम घेऊन मोठं व्याज मागणाऱ्या गुंतवणूकदारांकडून आलेलं. खरेदीच्या आदल्या दिवसापर्यंत या क्लबवर कर्ज नव्हतं.

हेज फंडांच्या कर्जाची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. त्याचं व्याज दरवर्षी रोख भरायचं नव्हतं, ते मुद्दलात मिळवायचं होतं. २००६ मध्ये सगळ्या कर्जाची फेरमांडणी झाली, तेव्हा या भागातले १३.८ कोटी पौंड १४.२५ टक्क्यांवर राहिले. या दराने चक्रवाढ चालली तर रक्कम सव्वापाच वर्षांत दुप्पट होते. २०१० पर्यंत ती २० कोटींच्या पुढे गेली आणि त्या वर्षी दर चढून १६.२५ टक्के झाला. इकडे क्लबने जानेवारी २०१० मध्ये सुमारे ५० कोटी पौंडांचे रोखे काढून बँकांचं कर्ज फेडलं. रोखे म्हणजे लोकांकडून ठरलेल्या व्याजाने, ठरलेल्या मुदतीसाठी घेतलेली उसनवारी. व्याज पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चार कोटींहून जास्त पौंड नुसतं व्याज.

अमेरिकन मालकांच्या स्वतःच्या देशात हे इतकं सोपं नाही. ज्या एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये ग्लेझर कुटुंबाचा संघ खेळतो, तिथे एका संघावर किती कर्ज चढवायचं याला लीगनेच मर्यादा घातली आहे. इंग्लंडमध्ये २००५ साली तसं काहीच नव्हतं. व्यवहारात कायदा कुठेही मोडला गेला नाही. मला यातली खरी गंभीर बाब हीच वाटते.

३. कर्ज मैदानावर दिसतं का?

ग्लेझर यांच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. त्यांच्या मालकीत युनायटेडने २००७, २००८, २००९, २०११ आणि २०१३ या वर्षांत प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वांत वरची लीग, जिंकली, २००८ मध्ये युरोपचं विजेतेपद मिळवलं. जाहिरातींचं उत्पन्न प्रचंड वाढलं. मग बिघडलं काय?

त्या वर्षांत अॅलेक्स फर्ग्युसन प्रशिक्षक होते आणि त्यांनी आधीच घडवलेला संघ होता. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर युनायटेडला लीग जिंकता आलेली नाही. त्याचा सगळा दोष कर्जाला देणं चूक होईल, कारण या काळात खेळाडूंवर अफाट पैसा उधळला गेला आणि तो वाईट निवडींत गेला. पण हिशेबाच्या वह्यांत कर्जाची खूण स्पष्ट आहे. २००९ मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डो ८ कोटी पौंडांना रेआल माद्रिदला गेला. त्या वर्षी क्लबचा नफा दिसला तो या एका विक्रीमुळे.

मैदानाचं तर डोळ्यांनी पाहता येतं. ओल्ड ट्रॅफर्डची शेवटची मोठी वाढ २००६ ची. त्यानंतर आर्सेनल, टॉटनहॅम यांनी नवी मैदानं बांधली, लिव्हरपूलने जुनं वाढवलं. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी मुसळधार पाऊस आला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छपराच्या कोपऱ्यातून पाण्याचा लोट थेट खुर्च्यांवर कोसळू लागला. प्रेक्षक मोबाइलवर ते टिपत होते. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एकाचं छप्पर असं गळत होतं.

२००५ पासून व्याज, कर्जाचे खर्च आणि मालकांना दिलेला लाभांश मिळून क्लबमधून १०० कोटी पौंडांहून जास्त रक्कम बाहेर गेली आहे. एवढं देऊनही ६५ कोटी डॉलरचं मूळ कर्ज उभंच आहे.

पाठीराख्यांनी हे निमूट सोसलं नाही. २००५ च्याच उन्हाळ्यात काही हजार जणांनी युनायटेडकडे पाठ फिरवली आणि एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या पायरीवरून त्याने सुरुवात केली. एका सभासदाला एक मत, मग कोणी कितीही पैसे घालो. २०१५ मध्ये मॉस्टन भागात, जुन्या न्यूटन हीथपासून जवळच, त्यांचं स्वतःचं छोटं मैदान उभं राहिलं. जे मूळ क्लबमध्येच थांबले त्यांनी २०१० मध्ये लाल मफलर बाजूला ठेवून न्यूटन हीथचे हिरवे-सोनेरी मफलर गळ्यात घातले. मार्च २०१० मध्ये एसी मिलानकडून खेळायला आलेल्या, एकेकाळी युनायटेडचाच असलेल्या डेव्हिड बेकहॅमने सामना संपल्यावर असाच एक मफलर उचलून गळ्यात अडकवला, तेव्हा ती बातमी जगभर गेली.

ऑगस्ट २०१२ मध्ये क्लब पुन्हा शेअर बाजारात आला, या वेळी न्यूयॉर्कला. कंपनीची नोंदणी केमन बेटांवर. १४ डॉलरला एक शेअर, जमा झाले साधारण २३ कोटी डॉलर. त्यातली निम्मी रक्कम ग्लेझर कुटुंबाकडे गेली, निम्मी कर्जफेडीला. लोकांना विकलेल्या शेअरला एक मत आणि कुटुंबाकडच्या शेअरला दहा मतं. त्यामुळे शेअर कितीही विकले तरी लगाम कुटुंबाच्याच हाती राहिला.

४. कर्ज-कर्जात फरक असतो

इथपर्यंत वाचून कर्ज म्हणजेच पाप असं वाटण्याचा संभव आहे. तसं नाही. आर्सेनलने २००६ मध्ये एमिरेट्स स्टेडियममध्ये पाऊल टाकलं. खर्च ३९ कोटी पौंडांच्या घरात, बराचसा कर्ज काढून. नंतर अनेक वर्षं खेळाडू घेताना क्लबने हात आखडता घेतला आणि पाठीराखे चिडले. पण त्या कर्जातून साठ हजार खुर्च्यांचं मैदान मिळालं आणि त्या खुर्च्याच कर्ज फेडत गेल्या. कर्जातून काय उभं राहिलं, हे विचारलं की उत्तर बोट दाखवून देता येतं. युनायटेडच्या बाबतीत त्याच प्रश्नाचं उत्तर एकच आहे: मालक बदलला.

तिसरा प्रकार मालकाने स्वतःच क्लबला दिलेल्या कर्जाचा. रोमन अब्रामोविच यांनी २००३ मध्ये चेल्सी घेतला आणि पुढच्या दोन दशकांत सुमारे १५० कोटी पौंड बिनव्याजी कर्ज म्हणून ओतले. चषकांमागून चषक आले. यात धोका वेगळा आहे. सगळा क्लब एका माणसाच्या मर्जीवर आणि नशिबावर उभा राहतो. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे ब्रिटिश सरकारने अब्रामोविच यांची मालमत्ता गोठवली आणि एका रात्रीत चेल्सीचं शर्टांचं दुकान बंद झालं, नवी तिकिटं विकण्यावर बंदी आली, परगावच्या सामन्याच्या प्रवासखर्चालाही सरकारी मर्यादा लागली. मे महिन्यात क्लब २५० कोटी पौंडांना अमेरिकन गुंतवणूकदारांकडे गेला आणि ते मोठं कर्ज सोडून देण्यात आलं.

याच प्रकाराचा चांगला चेहरा लेस्टरमध्ये दिसला. थायलंडच्या किंग पॉवर कंपनीचे विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी २०१० मध्ये हा क्लब घेतला. २०१३ मध्ये त्यांनी क्लबला दिलेल्या १०.३ कोटी पौंडांच्या कर्जाचं शेअरमध्ये रूपांतर केलं, म्हणजे परत मागण्याचा हक्कच सोडला. तीन वर्षांनी लेस्टर इंग्लंडचा विजेता झाला. २०१८ मध्ये मैदानाजवळ हेलिकॉप्टर कोसळून विचाई गेले, तेव्हा अख्खं शहर फुलं घेऊन उभं होतं. परदेशी मालक म्हणजे लुटारू, हे समीकरण इथे टिकत नाही.

उलटही टिकत नाही. बरी हा मँचेस्टरजवळचा क्लब १८८५ चा, दोनदा एफए कप ही इंग्लंडची चषक स्पर्धा जिंकलेला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये एका इंग्रज व्यावसायिकाने तो १ पौंडाला घेतला. मैदान आधीपासूनच गहाण पडलेलं होतं. आठ महिन्यांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, देणी भागवण्याची सोय दाखवता न आल्याने क्लबला लीगमधून काढून टाकलं गेलं. आणि बार्सिलोना? तो तर पूर्णपणे सभासदांच्या मालकीचा. तरी २०२१ मध्ये त्याची देणी १०० कोटी युरोंच्या कितीतरी वर गेली आणि लिओनेल मेस्सीला निरोप द्यावा लागला. मालकाचा पासपोर्ट पाहून क्लबचं भवितव्य सांगता येत नाही. कर्ज कशासाठी आणि कोणाच्या नावावर, हे पाहिलं तर बरंच सांगता येतं.

५. हप्ता थकला तर?

तारण ठेवून घेतलेलं कर्ज थकलं की तारण सावकाराकडे जातं. फुटबॉलमध्येही नेमकं तेच होतं.

लिव्हरपूल २००७ मध्ये टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या अमेरिकन जोडीने घेतला, बहुतांश रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या पैशाने. नव्या स्टेडियमचं आश्वासन दिलं होतं, ते कधी बांधलंच गेलं नाही. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये कर्जाची मुदत संपत आली, मालकांना पैसे उभे करता येईनात आणि प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. कोर्टाने बँकेच्या बाजूने कौल दिला आणि मालकांच्या मनाविरुद्ध क्लब ३० कोटी पौंडांना विकला गेला. घेणारेही अमेरिकनच, जॉन हेन्री यांचा गट. त्यांनी खरेदीचं कर्ज क्लबवरून उतरवलं आणि २०२० मध्ये लिव्हरपूलने तीस वर्षांनी लीग जिंकली.

मिलान शहरात हे दोन वेगवेगळ्या क्लबांच्या बाबतीत घडलं. ली योंगहाँग या चिनी व्यावसायिकाने २०१७ मध्ये एसी मिलान ७४ कोटी युरोंना घेतला, त्यातले सुमारे ३० कोटी एलियट या अमेरिकन फंडाकडून उसने. पुढच्या वर्षी ३.२ कोटी युरोंचा एक भरणा चुकला आणि फंडाने क्लब ताब्यात घेतला. ७४ कोटींची वस्तू ३ कोटींच्या हप्त्यापायी हातची गेली. इंटर मिलानची वेळ मे २०२४ मध्ये आली. चिनी मालक सुनिंगला ओकट्री या फंडाचे सुमारे ३९.५ कोटी युरो वेळेत फेडता आले नाहीत. एप्रिलमध्येच इंटरने विसावं लीग विजेतेपद जिंकलं होतं. महिन्याभरात विजेता क्लब सावकाराच्या मालकीचा झाला.

सगळ्यात वाईट वाटतं ते पोर्ट्समथचं. २००८ मध्ये एफए कप जिंकलेला हा क्लब दोन वर्षांत कोसळला. २००९-१० च्या एकाच हंगामात त्याने चार मालक पाहिले. फेब्रुवारी २०१० मध्ये तो न्यायालयीन प्रशासकाच्या हाती गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना अशी वेळ आलेला तो पहिला क्लब. शिक्षा म्हणून नऊ गुण कापले, संघ खालच्या श्रेणीत उतरला. त्यानंतर येणेकऱ्यांची यादी बाहेर आली. फुटबॉलमध्ये नियम असा, की इतर क्लब आणि खेळाडू यांची देणी आधी आणि पूर्ण भागवायची, बाकीच्यांना उरलंसुरलं. त्या बाकीच्यांत सामन्याच्या वेळी मैदानावर प्रथमोपचार करणारी सेंट जॉन अॅम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्था होती. गावातल्या स्काउट मुलांचं पथकही होतं. लाखो पौंडांचे पगार पुरेपूर, आणि स्काउटच्या पोरांनी रुपयातले चार आणे मिळतील का याची वाट पाहायची.

२०१३ मध्ये पाठीराख्यांच्या ट्रस्टने वर्गणी काढून पोर्ट्समथ विकत घेतला आणि कर्जातून बाहेर काढला.

६. पुण्याहून ब्लॅकबर्नला

मराठी वाचकाला या विषयाचा एक धागा अगदी घरचा आहे. व्यंकटेश्वरा हॅचरीज ही कोंबड्या आणि अंड्यांच्या धंद्यातली पुण्याची कंपनी, बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेली. नोव्हेंबर २०१० मध्ये राव यांच्या पुढच्या पिढीने, म्हणजे अनुराधा देसाई आणि त्यांच्या भावांनी, वेंकीज या नावाने ब्लॅकबर्न रोव्हर्स २.३ कोटी पौंडांना घेतला. सोबत त्याचं जुनं कर्जही आलं.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं जुनं कापडगिरण्यांचं गाव. क्लब १८८८ च्या पहिल्या फुटबॉल लीगचा संस्थापक सभासद. जॅक वॉकर या गावच्याच पोलाद व्यावसायिकाने त्यात आपली संपत्ती ओतली आणि १९९५ मध्ये युनायटेडला मागे टाकून या छोट्या गावाने लीग जिंकली. वॉकर २००० मध्ये वारले.

वेंकीजच्या वाट्याला फार लवकर रोष आला. महिन्याभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम अॅलर्डाइस यांना काढलं, तेव्हा संघ गुणतक्त्याच्या मध्यावर होता. नवे प्रशिक्षक स्टीव्ह कीन यांच्याविरुद्ध दर सामन्याला घोषणा होऊ लागल्या. मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हार झाली आणि प्रीमियर लीगमधलं स्थान गेलं. त्या संध्याकाळी कोणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. बिचारी गोलपोस्टपाशी फिरत राहिली. २०१७ मध्ये संघ आणखी एक श्रेणी खाली गेला, वर्षभरात परत वर आला.

मात्र एक गोष्ट वेंकीजच्या पदरात टाकायलाच हवी. युनायटेडच्या मालकांनी क्लबमधून पैसे नेले. पुण्याच्या मालकांनी क्लबमध्ये पैसे आणले. वर्षामागून वर्ष तोटा झाला आणि तो पुण्याहूनच भरून निघाला. त्यांची चूक कर्जाची नव्हती, अजाण निर्णयांची होती, आणि गावापासून हजारो मैल दूर बसून कारभार करण्याची होती. २०२३ पासून भारतातल्या एका चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. तेव्हा ब्लॅकबर्नच्या पाठीराख्यांवर दिल्लीच्या सुनावणीच्या तारखा पाहत बसण्याची पाळी आली.

७. नियम कुठवर पोचले?

जर्मनीने १९९८ मध्येच बांध घातला. तिथे गुंतवणूकदाराला क्लबच्या कंपनीत पैसे घालता येतात, पण निम्म्याहून एक मत तरी जास्त सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिलं पाहिजे. बायर्न म्युनिकमध्ये ७५ टक्के वाटा सभासदांचा आहे. अॅडिडास, आउडी आणि अलियान्झ या कंपन्या उरलेल्या २५ टक्क्यांत. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग या कारखान्यांच्या क्लबांना सूट आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये जर्मन लीगने टीव्ही हक्कांचा वाटा बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तो बेत सोडावा लागला. या नियमाने कर्ज पूर्ण टळत नाही. बोरुसिया डॉर्टमुंड २००५ मध्ये दिवाळखोरीच्या तोंडाशी गेलाच होता. पण सभासदांच्या मर्जीविरुद्ध क्लब विकत घेऊन त्याच्या माथी खरेदीचं कर्ज मारणं तिथे शक्य नाही.

इंग्लंडला जाग यायला उशीर झाला. प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२३ मध्ये ठरवलं, की खरेदीसाठी काढलेलं कर्ज क्लबच्या किमतीच्या ६५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. ऐकायला बरं वाटतं. पण गणित करून पाहा. ७९ कोटींचे ६५ टक्के म्हणजे ५१ कोटींच्या थोडं वर. २००५ चा व्यवहार या मर्यादेच्या अगदी आसपासचा आहे. इकडेतिकडे थोडी रक्कम हलवली असती, तर आजच्या नियमातही तो बसला असता. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने स्वतंत्र फुटबॉल नियामक आला. क्लबला परवाना लागणार, मालकाच्या पैशाचा उगम तपासला जाणार, क्लबचे रंग आणि बोधचिन्ह पाठीराख्यांना विचारल्याशिवाय बदलता येणार नाहीत. माझ्या मते हे पन्नास वर्षांतलं सर्वांत चांगलं पाऊल आहे. आधीच क्लबच्या वह्यांत बसलेलं कर्ज मात्र या कायद्याने उतरत नाही.

युनायटेडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून जिम रॅटक्लिफ पाव हिश्शाहून थोड्या जास्त वाट्याचे मालक आहेत. मँचेस्टरजवळच्या फेल्सवर्थचा हा माणूस, लहानपणापासूनचा युनायटेडवाला. त्यांनी ३३ डॉलरला शेअर घेतला. त्या भावाने क्लबची किंमत ५०० कोटी डॉलरच्या वर जाते, आणि बहुमत अजून ग्लेझर कुटुंबाकडेच आहे. गावचा माणूस आल्यावर खर्चकपात सुरू झाली आणि २०२४ मध्ये सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. कर्ज जागच्या जागी राहिलं.

मार्च २०२५ मध्ये क्लबने ओल्ड ट्रॅफर्डच्या शेजारी एक लाख प्रेक्षकांचं नवं मैदान बांधण्याची योजना जाहीर केली. आराखडा नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेचा, अंदाजे खर्च २०० कोटी पौंड. एवढी रक्कम कर्जाशिवाय उभी राहणं कठीण. मैदानासाठीचं कर्ज आर्सेनलसारखं फिटू शकतं. पण आर्सेनल मैदानाकडे वळला तेव्हा त्याच्या वह्यांत कोणाच्या जुन्या खरेदीचे ६५ कोटी डॉलर आधीपासून बसलेले नव्हते.